तेराव्यानंतरचं मूल

कारखान्यात माणूस गेला की छत्तीसगडमधल्या जामुलमध्ये पुढच्या चोवीस तासांत काय काय व्हायचं, ते लहानथोर सगळ्यांना पाठ असतं. बातमी आधी गेटवर पोचते, मग घरी. युनियनची माणसं जमतात. मृतदेह ताब्यात घ्यायचा की नाही यावर बोलणी चालतात: नुकसानभरपाई किती, घरातल्या कोणाला नोकरी, आणि हे सगळं कागदावर कधी. गेलेला माणूस कायम नोकरीतला असेल तर हिशेब एक, ठेक्यावरचा असेल तर दुसरा. मग पोस्टमॉर्टेम, गाडी, मुक्तिधाम. दहाव्या दिवशी दशगात्र, नहावन, पुढे तेराव्याचं जेवण. या धावपळीत त्या घरातलं सात-आठ वर्षांचं पोर शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर बसवलेलं असतं. कोणीतरी त्याच्या हातात बिस्किटचा पुडा दिलेला असतो. ‘ददा भगवान घर चल दिस’ (बाबा देवाघरी गेले) एवढं त्याच्या कानावर आलेलं असतं. भगवानाच्या घरून परत कधी यायचं असतं, हे विचारायला त्याच्याजवळ कोणी बसलेलं नसतं.

ही पुस्तिका त्या पोरासाठी आहे. म्हणजे वाचायची मोठ्यांनी: शाळेतल्या बाईंनी, वस्तीतल्या मितानिनीनं (आरोग्यसेविकेनं), युनियनच्या कार्यकर्त्यानं, आणि जमेल तेव्हा त्याच्या आईनं. आई, बाप किंवा भावंड गमावलेल्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा एक गट वस्तीतच कसा उभा करायचा, एवढाच तिचा विषय. मराठीत का, असं कोणी विचारेल. जामुलचा दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, आणि भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा नागपूर, भंडारा, गोंदियाकडून माणसं रेल्वेनं इथं कामाला आली. त्यांची तिसरी पिढी घरात मराठी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलते. शिवाय इथं जे लिहिलं आहे त्याची गरज चंद्रपूरच्या कोळसा खाणींजवळ किंवा यवतमाळच्या कापूसपट्ट्यात काही कमी नाही.

कायद्यानं या मुलाचा विचार केलेला नाही असं म्हणता येणार नाही. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेला कामगार कामावर मेला तर त्याच्या मजुरीच्या ९० टक्के रक्कम आश्रितांना दरमहा मिळते. विधवेचा वाटा तीन पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश, आणि बेरीज जास्त झाली तर सगळ्यांचे वाटे त्याच प्रमाणात कमी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्हा होरपळला, तेव्हा मे २०२१ मध्ये छत्तीसगड सरकारनं ‘महतारी दुलार’ योजना जाहीर केली: शिक्षण सरकारी खर्चानं, शिवाय पहिली ते आठवीला महिन्याला ५०० रुपये आणि नववी ते बारावीला १,००० रुपये. महाराष्ट्रानं दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली. या पैशाला नाकं मुरडणाऱ्यातला मी नाही. फी थकली तर मुलाचं दुःख शाळेबाहेर उन्हात उभं राहतं. पण वाट्याचा पंचमांश मोजणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेत मुलाचा प्रश्न ऐकून घ्यायचं काम कोणाकडेच सोपवलेलं नाही.

यातला एक आकडा नीट पाहावा असा आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की १ एप्रिल २०२० ते ११ जानेवारी २०२२ या काळात, करोनानं किंवा अन्य कारणानं, आधार हरवलेल्या मुलांची नोंद १,४७,४९२ झाली. त्यात दोन्ही पालक गेलेली १०,०९४. आई किंवा बाप यांपैकी एक गेलेली १,३६,९१०. अनाथ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आश्रम येतो, रांगेत ताटं येतात. प्रत्यक्षात दुःखात असलेली बहुतेक मुलं आपल्याच घरात, जिवंत राहिलेल्या आईच्या किंवा बापाच्या शेजारी झोपलेली असतात. आई रडू नये म्हणून मूल बापाचं नाव काढत नाही. मूल रडू नये म्हणून आई काढत नाही. दोघंही एकमेकांना जपतात आणि गेलेला माणूस घरातून दुसऱ्यांदा जातो.

बोस्टनमध्ये विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा बाप गमावलेल्या १२५ शाळकरी मुलांचा दोन वर्षं माग ठेवला होता. त्यातलं एक निरीक्षण सोयीचं नाही, म्हणून सांगतो. काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षात दिसलाच नाही, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वर आला. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की घर मोकळं झालं असं धरतात; नेमकं तेव्हाच मूल वर्गात मारामारी करू लागतं, आणि त्या मारामारीचा मृत्यूशी संबंध जोडायला कोणी उरलेलं नसतं. दुसरं निरीक्षण असं, की मूल कसं सावरेल हे सगळ्यात जास्त ठरतं ते मागे राहिलेल्या पालकाच्या स्थितीवर. त्यामुळे फक्त मुलांचा गट करून भागत नाही. मुलं एका खोलीत बसतात तेव्हा शेजारच्या खोलीत त्यांच्या आया, आज्या, मामा बसायला हवेत.

ही दोन खोल्यांची रीत अमेरिकेतल्या पोर्टलंडमधून जगभर गेली. तिच्या मागे डगी टर्नो नावाचा मेंदूत गाठ असलेला एक मुलगा होता. नऊ वर्षांचा असताना त्यानं मृत्यूवर लिहिणाऱ्या डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांना पत्र लिहून विचारलं, की लहान मुलांना मरावं का लागतं? त्यांनी त्याला चित्रं काढून लांबलचक उत्तर पाठवलं. पुढे बेव्हर्ली चॅपेल या नर्सची आणि त्याची ओळख झाली. दवाखान्यात डगी आणि इतर आजारी मुलं मोठ्यांच्या मदतीशिवाय एकमेकांशी मरणाबद्दल किती सरळ बोलतात, हे त्या पाहत होत्या. डगी १९८१ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं शोकग्रस्त मुलांचं केंद्र सुरू झालं. तिथले नियम साधे आहेत. मुलं वयाप्रमाणे बसतात, आणि शक्य तिथं कोण गेलं, कसं गेलं, त्याप्रमाणेही. बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं, कोणी आग्रह करत नाही. मोठी माणसं सल्ला देत नाहीत. राग काढायला गाद्यागिरद्यांची एक वेगळी खोली आहे. मूल पाच मिनिटं रडतं आणि सहाव्या मिनिटाला चेंडूमागे पळतं. तिथं ते चालतं. आपल्याकडे तेवढ्यावरून ‘याला अजून कळलंच नाही’ असं म्हणून मोकळे होतात.

पण उदाहरणासाठी पोर्टलंडपर्यंत जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी आणि आसपासची लातूर-उस्मानाबादमधली गावं दगडामातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा. आई-बाप गेलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्राला खरोखर पडला, आणि त्याला उत्तरंही मिळाली. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं; वाघोलीचं संकुल त्यातून उभं राहिलं. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढलं. सरकारच्या आधी माणसं पोचली, असा तो काळ होता, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या वसतिगृहांत शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मुलाचं घरही त्याच पहाटे पडलेलं होतं. कोणी ठरवलं नसलं तरी शोकाचा गट आपोआप तयार झाला होता. ‘तुझे बाबा कुठं असतात?’ हा कोणत्याही शाळेतला पहिल्या दिवसाचा प्रश्न तिथं कोणी कोणाला विचारणार नव्हतं. त्याची किंमत मात्र मोठी होती: हा सोबतीचा आधार मिळायला मुलाला गाव, आजी, शेत, बोली सोडून यावं लागलं. शिक्षण हवं म्हणून ते त्या वेळी अटळ असेलही. सोबत मिळण्यासाठी ते अटळ नव्हतं, हे पुढे जपानमध्ये दिसलं.

१७ जानेवारी १९९५ ला कोबे शहरात भूकंप झाला, ६,४३४ माणसं गेली. जपानमध्ये ‘आशिनागा’ नावाची संस्था होती. रस्ते अपघातात आई गमावलेल्या योशिओमी तामाई यांनी बाप किंवा आई नसलेल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्यांचं काम १९६० च्या दशकाच्या शेवटापासून चालवलं होतं. म्हणजे पैशाची बाजू त्यांना पुरती ठाऊक होती. भूकंपानंतर त्यांचे विद्यार्थी कार्यकर्ते मृतांच्या याद्या घेऊन दारोदार फिरले आणि पालक गमावलेली ५७३ मुलं त्यांनी शोधून काढली. त्या उन्हाळ्यात मुलांना फिरायला नेलं, तेव्हा पाचवीतल्या एका मुलानं इंद्रधनुष्य काढलं आणि ते काळं रंगवलं. पंचवीस वर्षं शिष्यवृत्ती वाटलेल्या माणसांना हे चित्र पाहून कळलं, की आपण एक बाजू सोडूनच दिली आहे. १९९९ च्या जानेवारीत कोबेतच ‘इंद्रधनुष्याचं घर’ उघडलं. मुलं तिथं राहायला जात नाहीत. शाळा सुटल्यावर येतात, खेळतात, बोलतात, घरी जातात. २०११ च्या त्सुनामीनंतर सेंदाईकडेही तशी घरं निघाली.

वाघोली आणि कोबे यांत कोण बरोबर, असला सवाल मी टाकत नाही. किल्लारीची मुलं सगळी एकदम, एका पहाटेत पोरकी झाली. गावच उरलं नव्हतं. जामुलची मुलं एकेक करून होतात, आणि गाव जागच्या जागी असतं. इथं १९६५ पासून एसीसीचा सिमेंट कारखाना आहे, नंदिनी रोडच्या दोन्ही अंगांना औद्योगिक वसाहतीतले छोटेमोठे कारखाने आहेत, पलीकडे चुनखडीच्या खाणी आहेत, ट्रक आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात जून २०१४ मध्ये वायुगळतीनं सहा माणसं गेली, ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या गॅस वाहिनीला आग लागून दहाहून अधिक. अशा मोठ्या घटनांची बातमी होते. बाकीचे पट्ट्यात अडकतात, शेडवरून पडतात, रात्रपाळीहून येताना ट्रकखाली जातात, फुप्फुसाच्या आजारानं घरी खंगतात. एकाच शाळेच्या चार वर्गांत असं एकेक मूल बसलेलं असतं आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त माझ्याच घरी झालं. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे: या मुलाला सगळ्यात आधी हवं असतं ते त्याच्यासारखं दुसरं मूल, आणि ते दुसरं मूल त्याच्याच गल्लीत असतं. आपण त्यांची गाठ घालून देत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘श्यामची आई’ आपण पिढ्यान्‌पिढ्या संस्कारांचं पुस्तक म्हणून वाचलं, मुलांच्या हाती बक्षीस म्हणून दिलं. त्याची बांधणी पाहा. संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर मित्र गोल बसतात, एक जण गेलेल्या आईची एक आठवण सांगतो, बाकीचे ऐकतात, उठून झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं बेचाळीस रात्री. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. शेवटच्या घटकेला ते तिच्याजवळ नव्हते. पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, सोळा वर्षांनी. मुलाच्या दुःखाला तेरा दिवसांची मुदत घालणाऱ्यांनी हे सोळा वर्षांचं अंतर ध्यानात ठेवावं. आणि हेही, की त्या मित्रांपैकी कोणी श्यामला ‘आता विसर’ म्हणत नाही.

छत्तीसगडकडे तर याहून जुनं भांडवल आहे. इथं मितान बदतात. दोन मुलं किंवा दोन मुली विधीपूर्वक एकमेकांचे मितान, महाप्रसाद, गंगाजल होतात, जात आड येत नाही, आणि मग एकाचे आईबाप दुसऱ्याचे फूल-दाई, फूल-ददा होतात. श्रावणात मुली टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते विसर्जित करताना एकमेकींच्या कानावर खोवतात आणि जन्मभराच्या भोजली होतात. नंतर त्या एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. ज्याचा बाप गेला त्याला फूल-ददा उरतो, अशी ही सोय आहे. राज्यानं २००२ मध्ये गावोगावच्या आरोग्यसेविकांना मितानिन हे नाव दिलं ते याच नात्यावरून. पुढे देशभर आशा आल्या, त्यांच्या आधीची ही बाई. कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कोण गेलं, कोणाचं पोर शाळेत जाईनासं झालं, हे तिला सरकारी यादीशिवाय ठाऊक असतं. गटाची पहिली यादी तिच्याकडून घ्यावी. मुंबई-पुण्याहून समुपदेशक येईपर्यंत थांबलो तर आजचं पोर नोकरीला लागलेलं असेल.

दोन प्रकारच्या घरांबद्दल मात्र जास्त सावध राहावं लागतं. पहिलं घर शहिदाचं. कामगारनेते शंकर गुहा नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत, झोपेत असताना, गोळी घालून खून झाला; मागे तीन मुलं होती. १ जुलै १९९२ ला पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सोळा-सतरा कामगार गेले. दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, घोषणा देतात, नावं घेतात. याआधी दल्ली राजहराला १९७७ च्या गोळीबारात अकरा जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ खाण कामगारांनी १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं; दुःखाचं इतकं उपयोगी रूप देशात क्वचित दिसेल. तरीही शहिदाच्या मुलाला एक अडचण असते. त्याचा बाप सगळ्यांचा झालेला असतो. मंचावर त्यानं मूठ आवळून उभं राहायचं असतं. बाप आंघोळ करताना मोठ्यानं गायचा, किंवा त्यानं एकदा विनाकारण थोबाडीत मारली होती, हे तो तिथं सांगू शकत नाही. गटात सांगू शकतो.

दुसरं घर आत्महत्येचं. विदर्भात २००६ पासून शेतकरी आत्महत्येनंतर एक लाखाची मदत मिळते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, पण त्याआधी समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. अपात्र म्हणजे शेतीच्या कर्जानं मेला हे सिद्ध झालं नाही. हा निकाल घरातलं दहा वर्षांचं मूलही ऐकतं, आणि आपल्या बापाचं मरण नापास झालं असं मनाशी धरून बसतं. अशा मुलांना घरचे ‘हार्ट अटॅक आला’ सांगतात आणि खरं काय ते शाळेतली मुलं सांगतात. सत्य घरच्या माणसानं, साध्या शब्दांत, वर्गातल्या पोरांच्या आधी सांगितलेलं बरं, असं जगभरच्या अशा गटांचं मत आहे आणि माझंही तेच आहे. या एका मुद्द्यावर पुस्तिका हटवादी वाटेल. ती तशीच असू द्या.

गट म्हणजे दवाखाना नव्हे, हे शेवटी सांगायला हवं. मूल महिनोन्‌महिने झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, ‘मलाही तिकडं जायचंय’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि घरात मारहाण किंवा उपासमार असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. गट म्हणजे भजनी मंडळही नव्हे, आणि देणगीदारांना दाखवायचं ठिकाण तर नाहीच. पहिल्या सहा महिन्यांत तिथं फोटो काढू नयेत, वह्यावाटप करू नये, नेत्याला बोलावू नये. जागा शाळेची नको, कारण शाळेत हजेरी असते; मितानिनीचं अंगण किंवा युनियनच्या कचेरीची मागची खोली चालेल. दिवस पंधरवड्यातून एक, पगाराच्या दिवसाला धरून नको. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, बैठक जरूर ठेवावी. त्या दिवशी कारखान्यांची दारं कुटुंबांना उघडतात, बाकीची मुलं बापाचं मशीन बघायला नटूनथटून जातात, आणि ज्यांना न्यायला कोणी नाही ती घरी बसतात.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला हवी असं नाही. शिक्षकांनी तिसरं प्रकरण आधी वाचावं, त्यात वर्गात परतलेल्या मुलाशी पहिल्या आठवड्यात काय बोलायचं ते आहे, आणि पालकाच्या सहीचा रकाना असलेल्या कागदाचं काय करायचं तेही. गट चालवणाऱ्यांनी पाचवं. ज्यांच्या घरी गेल्या महिन्याभरात कोणी गेलं आहे, त्यांनी फक्त शेवटचं पान काढून ठेवावं. मुलाला सांगायची चार वाक्यं तिथं मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत दिली आहेत. बाकीचं दोन महिन्यांनी वाचलं तरी चालेल.